ओहोटीचे सहा तास

चिलोएच्या या काठावर गोदी नाही.
पाणी उतरलं की होडी चिखलात बसते,
पाणी चढेपर्यंत ती आपली.
पहाटे चारला बाबांनी ओंडके लावून तिला कुशीवर कलती केली
आणि पोटाखाली सरपटत गेले,
चौऱ्याहत्तर वर्षांचे रोसामेल चिग्वाय.
मागोमाग मी, कंदील घेऊन.

त्यांचा उजवा कान केव्हाच गेला,
डाव्याला फक्त वारा ऐकू येतो.
म्हणून हातोडी त्यांची, कान माझे.
टण्. मी मान डोलावते.
टण्. मान डोलावते.
थप.
ते खडूने फुली मारतात.

फुलीवर सुरी टोचली तर मुठीपर्यंत आत गेली,
भिजल्या पावात जावी तशी.
"समुद्राचा दोष नाही," बाबा म्हणाले.
"खाऱ्यात लाकूड मुरतं, टिकतं.
हे गोड्या पाण्याचं काम."
चार हिवाळे होडी उपडी घातली नव्हती,
पाऊस तळाशी साचत राहिला.
चार हिवाळे मी पुएर्तो मोंतच्या कारखान्यात
साल्मनचे काटे उपटत होते.
तो हिशेब कोणी बोलून दाखवला नाही.

नवी फळी शेजारच्या एदुविहेसच्या गोठ्याच्या दाराची,
बिजागरीची भोकं अजून तशीच.
तासभर वाफ खाऊन ती वाकली,
कुरकुरत, पण वाकली.
सांध्यात सालीचा काथ्या ठोकला,
बोटं तांबडी होईस्तोवर.

मग कणा.
मागच्या टोकाला, सुकाणू बसतं तिथे.
थप.

फळी बदलता येते.
कणा बदलायचा म्हणजे दुसरीच होडी.
बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले.
मी म्हटलं, पुन्हा.
थप.
पाणी माझ्या बुटांत शिरलं होतं.
मी म्हटलं, पुन्हा.
त्यांनी हातोडी चिखलात ठेवली, तळवा विजारीला पुसला.
"दांडा सांगतो गं हाताला.
तू काय सांगतेस, ते बघत होतो."
आणि खडू माझ्याकडे दिला.

मी फुली मारली. लहानशी.

भरतीने होडी उचलली,
माझी फुली पहिल्या लाटेतच पुसली असणार.
आत पाणी झिरपू लागलं.
"फुगेल लाकूड, मग थांबेल," बाबा म्हणाले
आणि वल्ह्यावर बसले, माझ्याकडे पाठ करून.
मी डब्याने उपसत राहिले.
चाळीसनंतर मोजणं सोडलं.
पाणी येतच होतं,
जरा सावकाश.