बासष्ट टक्के

बासष्ट टक्क्यांवर वीज गेली.
गच्चीवर कुणीतरी ओरडलं, "ए लपेट!"
चांदीच्या कागदाचा पतंग दोन तारांत अडकलेला,
अख्खा दांडिया बाजार अंधारात,
आणि माझ्या बोर्डाचं नवं फर्मवेअर
थोडं उतरलेलं, थोडं वाटेतच.

वीज आली. बोर्ड नाही आला.
लाल दिवा तेवढा लागतो, लग्नात उगाच हसणाऱ्या माणसासारखा.
केबल बदलली. पोर्ट बदललं.
मग, खरं सांगतो, फुंकरही मारली.

खालची ऋजुता जिन्यातूनच म्हणाली,
"काका, बूटची पिन ग्राउंडला टेकवा, मग रीसेट."
केसातला आकडा काढून दिला,
टोकाचं प्लास्टिक दातानं सोलून.
रावपुऱ्यातल्या दुकानात मी बे, त्रण करत सुटे भाग घेतो;
पिना मोजताना मात्र ओठांवर
एक, दोन, तीन,
चौथी. टेकवली.

पडद्यावर कचरा. चौकोन, प्रश्नचिन्हं,
डोक्यावर दोन टिंबं घेतलेला वाय.
"तुम्ही फार भरभर ऐकताय."
वेग उतरवला,
चौऱ्याहत्तर हजार आठशे ऐंशी.
एक ओळ उमटली: वाट पाहतोय.

म्हणजे दुपारपासून
वरचं सगळं पुसलं गेलेलं असताना
तळाशी कुणीतरी जागं होतं,
हेच म्हणत होतं,
आणि मी त्याला फुंकर मारत होतो.

पुन्हा पाठवलं.
साठ. एकसष्ट.
गच्चीवर परत "लपेट!"
आम्ही दोघांनी बल्बकडे पाहिलं.

त्रेसष्ट.