तेरावा आकडा

न्हावीहून भाच्याच्या मोटरसायकलवर बसून
त्या आल्या, मांडीवर पत्र्याचा डबा.
फैजपूरचं माझं दुकान : लग्नपत्रिका,
केळीच्या खोक्यांचे स्टिकर, पुढाऱ्यांचे वाढदिवस
सगळं एकाच यंत्रातून निघतं.

डब्यात बिबडे. पाकिटावर काळ्या रेघा.
"हा बारकोड कुठून आणला?"
"बिस्किटाच्या पुड्यावरून. रेघाच तर हायेत.
कोणत्याही लावल्या तं काय फरक पडते?"

भुसावळच्या मॉलात पडला होता फरक.
तिथल्या पोरीनं लाल उजेड टाकला
आणि पडदा म्हणाला : बिस्किट, दहा रुपये.
साठाचे बिबडे दहाला. तीन पाकिटं गेली तशीच,
मग मॅनेजर आला.
रांग हसली. हे सांगताना त्याही हसल्या,
पण डब्याचं झाकण उगाच दोनदा उघडून लावलं.

मी खुर्ची पुसून दिली.
नंबर रीतसर घ्यावा लागतो, म्हटलं, नोंदणी करून, फी भरून.
ऑनलाइनवाले तर आधी तोच विचारतात,
चव नंतर.

महिन्यानं परत आल्या, हातात कागद, तेरा आकडे.
"तेरा कायले? तेराव्याचं जेवण आठवते मले."
"सुरुवातीचं आठ-नऊ-शून्य म्हणजे आपल्या देशाचा माल ना?"
"नाही. नंबर कुठं नोंदला, एवढंच. माल कुठं वाळला ते नाही."
"आन् भाव?"
"भाव दुकानाच्या कॉम्प्युटरात.
हा नंबर म्हणजे नुसती हाक."

लसणाचे वेगळे, जिऱ्याचे वेगळे,
पाव किलोचं एक, अर्ध्या किलोचं दुसरं.
चार पाकिटं, चार नंबर.
त्यांना रेघा कुंकवाच्या रंगात हव्या होत्या.
म्हटलं, यंत्राचा उजेड लाल,
लाल रेघ त्याला दिसतच नाही.
"मंग काया ठेव बापा, तव्यासारख्या."
कडेच्या कोऱ्या जागेत वेलबुट्टी हवी होती.
तिथं काही नको, म्हटलं,
त्या रिकाम्या जागेवरूनच त्याला कळतं
कुठं सुरू व्हायचं.

मग शेवटचा आकडा.
पहिल्याला एकनं गुणा, दुसऱ्याला तीननं,
पुन्हा एक, पुन्हा तीन.
त्यांनी कागद घेतला नाही.
ओल्या लुगड्यावर बिबडे टाकताना मोजावं तसं
बोटाच्या पेरांवर बाराव्यापर्यंत गेल्या.
"सत्त्याऐंशी."
"नव्वदला किती कमी?"
"तीन." आणि कागदावर पाहिलं. तीनच होता.
"म्हंजे हा मागचा एक
पुढच्या बारांवर नजर ठेवते. सासूसारखा."

"आन् हे पाकीट पुण्याले गेलं, दुबईले गेलं,
तरी नंबर हाच?"
"हाच. दुकान बदललं म्हणून बदलत नाही."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.
बाहेर केळीचा ट्रक मागं घेत कुणीतरी ओरडत होतं.
"मी कोकिळा," त्या म्हणाल्या.
"माहेरी कोकिया म्हणत. लग्नात तांदळावर
अंगठीनं सुनंदा लिहिलं, तेव्हापासून सुनंदा.
कोणी इचारलं नही."

पाकिटांवर 'सुनंदा गृहउद्योग' छापून झालं होतं,
एक हजार नग.
"राहू दे," म्हणाल्या, "पैसा गेलाय त्यात."
मी नवा नंबर यंत्रासमोर धरला.
टीं.
पडद्यावर तेरा आकडे, शेजारचा रकाना कोरा.
"मालाचं नाव काय टाकू?"

भाच्यानं बाहेरून हॉर्न दिला.
त्यांनी मान वळवली नाही.
अक्षरं उमटताना एकेक वाचत राहिल्या,
'ळ'शी थांबल्या, म्हणाल्या, "य कर."

जाताना डब्यातला एक मोडका बिबडा दिला.
पाकिटात न बसणारा.
तिखट होता.