सोडायची वायर

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या तिसऱ्या गल्लीत
बंद टॉवेल कारखान्याच्या पडवीत माझं दुकान.
बोर्डावर अजून ‘म्याकल टेक्स्टाइल्स’,
खाली खडूनं : गाड्यांची वायरिंग करून मिळेल.

एप्रिलातल्या, पान्हा हातात धरवत नाही अशा दुपारी
गुरुसिद्ध हत्तुरे आपलं घर चालवत आले.
घर म्हणजे शाळेची जुनी मिनीबस.
पिवळ्यावर पांढरा मारलेला,
फक्त दाराजवळ ‘विद्यालय’मधलं शेवटचं
‘लय’ रंगातून वर आलेलं.
आत कॉट, दोन शेगड्या, टॉवेलचे पडदे,
रुमालात बांधलेली कडक भाकरीची चवड,
आणि पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेल्या सुगलाबाई.

‘गुडघा गेला,’ हत्तुरे म्हणाले, ‘उजवा.
एकतीस वर्षं एसटी. डावा बगा, त्यामानानं कोराच.
नव्या गाड्यांना बटण असतंय म्हणं,
दाबलं की आपली आपण चालती.
तेवढं बसवा.’

बटण बसवायला दहा मिनिटं.
बटणाच्या मागचं दोन दिवस चाललं.
प्रॉपेलर शाफ्टवर दोन लोहचुंबक, समोरासमोर,
नाहीतर गाडी थरथरते.
नखाएवढ्या अंतरावर सेन्सर,
चुंबक किती वेळा गेलं ते मोजत बसणारा.
अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला मण्यांची साखळी,
साखळीच्या टोकाला मोटर :
पायाइतकीच ओढ, कंटाळा वजा.
मग क्लचची वायर.
आणि सगळ्यात शेवटी, तीनदा तपासून, ब्रेकची.

‘ही कशाला?’
‘ही सोडायची.’

माझे नायना याच भिंतीपलीकडं बारा माग सांभाळायचे.
मागावर एक काटा असायचा,
दर फेरीला बाण्याचा धागा चाचपणारा.
धागा लागला नाही की माग खटकन बंद.
आल्यागेल्याला नायना पहिल्यांदा तो काटा दाखवत,
कापड नंतर.
खडखडाटात मी गाढ झोपायचो लहानपणी,
जाग यायची ती माग गप्प झाला की.

रविवारी पहाटे हैदराबाद रोडनं निघालो.
बोरामणीच्या पुढं, साठवर, त्यांनी बटण दाबलं
आणि पाय उचलला,
गरम तव्यावरनं उचलावा तसा.
गाडी चालत राहिली.
चढ आला, इंजिनचा आवाज जाड झाला,
काटा साठवरच.
हत्तुरे आपल्याच गाडीत
पाहुण्यासारखे बसले.

मग मला त्यांचा पाय दिसला.
रबरी मॅटवर, जिथं काहीच नव्हतं तिथं,
दाबत होता.
जरा सोडत होता. परत दाबत होता.
मी बघतोय हे सुगलाबाईंनी बघितलं.
‘रात्री बी असंच,’ मागून म्हणाल्या,
‘झोपेत. मी गादीला धरून ऱ्हाते.’

तांदुळवाडीच्या फाट्याला मेंढरं आडवी आली.
तो मॅटवरचा पाय
मी ‘ब्रेक’ म्हणायच्या आत ब्रेकवर गेला.
डॅशबोर्डखाली रिले बोलला, खट्.
साखळी सैल पडली, गाडी उभी राहिली.
मेंढरं ओलांडून गेली, सगळ्यात मागून एक पोरगं
कानात काडी घालत,
आमच्याकडं न बघता.
कुणीच काही बोललं नाही थोडा वेळ.
मी मात्र त्या शांततेत
लहानपणीसारखा टक्क जागा होतो.

दुकानाशी आल्यावर त्यांनी मजुरी मोजून दिली,
दोनदा मोजली, कंडक्टरसारखी.
वर शेंगाचटणीची पुडी.
‘कुठवर जाणार?’ मी विचारलं.
‘आधी नळदुर्ग,’ उत्तर सुगलाबाईंनी दिलं.
‘एकतीस वर्षं तिथल्या स्टँडवर दहा-दहा मिनिटं थांबलेत.
किल्ला आत जाऊन एकदाबी नाही.’

हत्तुऱ्यांनी चावी फिरवली.
मी पॉलिश पेपर दाखवत म्हटलं,
दारावरची ती दोन अक्षरं खरवडून देऊ का,
पैसे नकोत त्याचे.

त्यांनी आरशातनं मागं बघितलं, मग दाराकडं.
‘ऱ्हाऊ द्या,’ म्हणाले. ‘लय हाय तेवढं.’