तासांचा कागद

सप्टेंबर लागला की आमच्याकडे मुलं उगवतात.
सरोवरावरून वारा सुटतो, मेरी-जो नर्स खिडक्या लावून घेते,
आणि सतरा सतरा वर्षांची ती, छातीशी क्लिपबोर्ड धरून विचारतात,
"मिस्टर कॅझ, तुमच्याशी बोलत बसू का?"

बसा की.
अडतीस वर्षं इंजिनांना ब्रेक बसवले मी ईरीच्या कारखान्यात.
बोलायला लागलो की मात्र मलाच ब्रेक नाही.

ट्रेव्हर येतो व्हायोलिन घेऊन.
एकच धून, तीही अर्धी; आई दारातून फोटो काढते.
त्याच्या यादीत तलवारबाजी आहे, वादसभेचं पद आहे,
शिवाय होंडुरासमध्ये नऊ दिवस विहीर खणली.
मी विचारलं, पाणी लागलं का?
"आम्ही निघालो तोवर नव्हतं लागलं."
चांगला पोरगा. थाप मारली नाही.

त्यानंच मला समजावलं सगळं:
नुसत्या मार्कांवर आता कॉलेजं भुलत नाहीत,
माणूस कसा आहे ते त्यांना बघायचं असतं.
त्यासाठी दहा चौकटी. एका चौकटीत दीडशे अक्षरं,
मोकळ्या जागा धरून.
मी म्हटलं, माझ्या हेलनच्या दगडावर सव्वीस आहेत,
आणि ती मावली नाही.
तो हसला. मग घड्याळ बघितलं.

मिर्नेसा यायची मंगळवारी, चार वाजता.
पहिल्याच दिवशी वही उघडून म्हणाली,
"तुमच्या लहानपणी..."
आणि तिथंच, खुर्चीत, मान कलती करून झोपली.

कानामागं पीठ होतं.
सव्वीसाव्या रस्त्यावर तिच्या बापाची बेकरी,
बोस्नियातून आलेल्या माणसानं उभी केलेली.
पहाटे तीनपासून ही पोर कणीक तिंबते, मग शाळा, मग मी.
हे लिही की चौकटीत, म्हटलं एकदा.
"ते कुठं काय," म्हणाली, "ते घरचंच आहे."

टीव्हीचा आवाज मी कमी करायचो.
मेरी-जो गोळ्या घेऊन आली की ओठांवर बोट.
शेजारच्या खोलीतला डोनाल्ड खोकला
तर मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचो.
कितीतरी वर्षांनी
माझ्या अंगावर काही काम पडलं होतं.

डिसेंबरात तिनं कागद पुढं केला. चाळीस तास.
जागी होती त्यातली फार तर अकरा.
खाली एक रांग: सेवेचं स्वरूप.
पेन धरून मी बराच वेळ बसलो.
एकाहत्तर साली लिओची बायको अडली होती,
तेव्हा तीन रात्री त्याचं हजेरीकार्ड मीच पंच केलं होतं.
पोरगी झाली त्याला. फोरमनला अजून माहीत नाही,
आणि आता तो वारलाही.
मी लिहिलं: सोबत.
आणि सही ठोकली, चाळिसांखाली.

जानेवारीत खुर्च्या रिकाम्या.
कागद गेले, मुलं गेली, मी काही रुसलो नाही;
हंगाम संपला की सफरचंदवालेही दिसत नाहीत.
ट्रेव्हरचं कार्ड आलं, छापील,
माझ्या नावात एक अक्षर जास्त.

फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार. बाहेर गुडघाभर बर्फ.
दारात मिर्नेसा, काखेत कागदात गुंडाळलेला पाव, अजून कोमट.
टक्क जागी.
काय बोलावं दोघांनाही सुचेना;
झोपलेली मला पाठ होती, ही जागी कोण, मला माहीत नव्हतं.
नंबर कुठं लागला, की नाहीच लागला,
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
पावाचा कडेचा तुकडा मला दिला, तोच मला आवडतो.

मग कोट न काढताच खुर्चीत बसली.
"मी जरा झोपले तर चालेल?"

तास भरले गं तुझे, म्हटलं. कागद संपला.

"माहितेय."

रिमोट सापडेना. पांघरुणाखाली होता.
मी आवाज कमी केला.