शिक्का

परवाना सोळा तारखेला संपतो.
अर्जावर आजोबांचा शिक्का हवा, आणि शिक्का
कुठे ठेवलाय ते आजोबांना आठवत नाही.

वार्तिनीला ठाऊक आहे. चहाच्या डब्यात, तळाशी.
गेल्या महिन्यात डबा घासताना हाताला लागला होता.
पण ती काढून देत नाही.
मालकाच्या चीजवस्तूला हात लावलास तर चोरीचा आळ येईल,
एजंटाने विमानतळावरच बजावलेलं.

म्हणून रोज दुपारी विचारते,
"आजोबा, चहा संपत आलाय का, बघता जरा?"
ते डोकावतात. झाकण लावतात.
"आहे की अजून बराच."

बाहेर ताइनानचं ऊन. लघवीची पिशवी बदलायची वेळ.

आज चौदा तारीख.
घरात माणसं दोन.
ती सहाजणांचा चहा टाकते.