नमुना

माझा बाप मलकपेटच्या तबेल्यात चाकरीला होता.
शर्यत संपली की त्याचं काम सुरू व्हायचं:
घोड्याच्या पोटाखाली लांब दांड्याचं भांडं धरायचं
आणि शीळ घालायची.
बारीक, एकसुरी, न थकता.
घोडा शिळेला मुतायचा.
मग कोट घातलेला एक माणूस यायचा, बाटली भरायचा,
लाखेनं तोंड बंद करायचा.
बाप म्हणायचा, जॉकी खोटं बोलतो, मालक खोटं बोलतो,
मूत नाही बोलत.

इथे, माळेगावच्या जत्रेमागच्या माळावर
कोट घातलेला माणूस येत नाही.
हलगी कडाडते, निशाण पडतं,
भंडाऱ्यानं पिवळे झालेले लोक दोरीवर रेटतात
आणि जिंकलेल्या घोड्याखालची जमीन
सगळं पिऊन टाकते.
काळी माती. तिला साक्षीला कोण बोलावणार?

मासोळीचा पुढचा डावा पाय सोमवारपासून गरम होता.
तव्याजवळ हात न्यावा तसा
तळव्याला कळायचा.
शर्यत गुरुवारी.
व्यंकटी शेठ टिप्परमधून उतरला, चपलांना वाळू,
पायाकडं न बघता म्हणाला,
"जिलानी, डॉक्टरला काहून इचारतो?
तुळशीराम हाय की."

तुळशीराम कंपाउंडर, सरकारी दवाखान्यातून रिटायर.
त्याच्या डब्यात सुई, कापूस, दोन बाटल्या
आणि फडक्यात बांधलेली भाकर.
"मी दुखणं काढतो," म्हणाला, "आजार नाही काढत.
तेवढं ध्यानात ठेव."
माणूस प्रामाणिक होता.
हेच सांगायला अवघड जातं.

गोळी मीही घेतो, गुडघ्यासाठी,
सकाळच्या चहाबरोबर.
पण मी घेतली हे मला माहीत असतं.
दुखत नसला तरी
पायरी उतरताना त्या पायाला जपतो.
घोडीला कोणी सांगितलं?
तिला वाटलं, पाय बरा झाला.
ह्यानंच बरा केला, असंही वाटलं असेल,
कारण सुई शिरली तेव्हा मान मी धरली होती
आणि तिनं कानसुद्धा पाडले नाहीत.

ती पळाली. दुसरी आली.
पडली नाही. पाय मोडला नाही.
मोडला असता तर ही गोष्ट
सांगायला सोपी गेली असती.
शेठनं फेटा बांधला, पाच हजार दिले.
मी घेतले.
पोरीच्या नर्सिंगच्या फीला गेले,
तरी पुरले नाहीत.

रात्री तीनच्या सुमारास औषध उतरलं.
घोडा कण्हत नाही.
पाय उचलून धरला, टेकवला, पुन्हा उचलला,
खाली निखारे असल्यासारखा.
दुपारी नसलेलं दुखणं आलं कुठून,
ते शोधत ती कडब्यात नाक खुपसत राहिली.
मग हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवली
आणि भार दिला.
चारशे किलोंतला किती, कुणास ठाऊक.
पण ज्यानं केलं, त्याच्यावरच.

पहाटे मी शीळ घातली.
का, ते विचारू नका.
बापाची शीळ, बारीक, एकसुरी.
लोणच्याची रिकामी बरणी धुऊन खाली धरली,
झाकण घट्ट लावलं,
चिठ्ठी चिकटवली:
घोडी मासोळी. माळेगाव. शुक्रवार.
खाली "जबाबदार" असं लिहून
पेन धरून बसलो.
मफलर गुंडाळलेली माणसं चहाला निघाली.
त्यांच्यातलं कुणीच बाटली न्यायला आलेलं नव्हतं.

शेठचा पोरगा निरोप घेऊन आला.
"बाबा म्हणले, अकरा दिवसांनी
गंगाखेडाकडं शर्यत हाय. तयारी ठेवा."
मग त्याला बरणी दिसली.
अजून कोमट होती, काचेवर आतून वाफ.
"चाचा, हे काय हाय?"

"नमुना."

"कुणाचा?"