पन्नास ग्रॅम जिरं

ताहेरभाई म्हणाले, काटा उघडणारे पुष्कळ मिळतात,
तोंड उघडणारं कुणी मिळत नाही.
बोहरी आळीतलं त्यांचं दुकान, माझा तिथं सातवा महिना,
औंधच्या आयटीआयचा कागद, बोटांना सोल्डरचा वास,
आणि त्या दिवशी हातात एक वही:
भवानी पेठेतली बत्तीस दुकानं.
जा. वर्षाचा करार सांग. दर सांग. ये.

हडपसरहून येताना बसमध्ये
वाक्य घोटून घेतलं होतं.
नमस्कार, मी वनिता ढवळे, वजनकाटे दुरुस्त करते.
शेजारच्या बाईंनी विचारलं, मला काही म्हणालात?
पूलगेट येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आलेला पाहुणाही मला
चहाच्या कपाएवढाच माहीत असायचा:
ठेवला, की आत.

पहिलं दुकान. काय देऊ ताई?
जीभ टाळूला.
पन्नास ग्रॅम जिरं.
दुसरं दुकान. बोला.
जिरं. पन्नास.
तिसऱ्यात गर्दी होती, बरं वाटलं.
गर्दी ओसरली.
जिरं.
एक वाजता शटरं खाली येऊ लागली
आणि पुण्याच्या दुपारच्या झोपेवर
इतकं खूश आजवर कुणी झालं नसेल.

रात्री आईनं पिशवी उलटी केली.
नऊ पुड्या.
ती काही बोलली नाही. एकेक हुंगत गेली.
हे चांगलंय, म्हणाली. हे कुठलं?

ललवाणींचं.
दुसऱ्या दिवशी तिथंच गेले
दहावी पुडी घ्यायला. खरं सांगते, तेवढ्यासाठीच.
माझी मान खाली.
मान खाली म्हणूनच दिसलं:
पारडं रिकामं, आणि आकडा उणे तीन.

वेलदोडेही ह्याच्यावरच तोलता?

कोण बोललं ते कळायला मलाच वेळ लागला.
त्यात ना नमस्कार होता, ना माझं नाव.
ललवाणींचा हात हवेत थांबला. म्हणजे?
म्हणजे दर पुडीमागे तीन ग्रॅम तुम्ही फुकट देताय.
त्यांच्या चेहऱ्यावरून अख्खं वर्ष सरकत गेलं,
दिवाळीसकट.
मग आतून स्टूल आलं.
मग चहा.
मग, पोरी, तू आहेस कोण?
विचारल्यावर नाव सांगणं काही अवघड नव्हतं.

भिणं गेलं नाही. ते माझ्याबरोबरच फिरतं,
पिशवीतल्या पाच किलोच्या वजनासारखं.
फक्त दारात उभी राहिले की
आता स्वतःकडे बघत नाही.
काट्याकडे बघते. मग काट्यामागच्या माणसाकडे:
नखात अडकलेली हळद,
कॅलेंडरवर गोल केलेली एखादी तारीख,
न थांबणारा खोकला.
मुलीचं लग्न का हो, विचारते. आणि थांबते.
माणसं उत्तर घेऊन बसलेलीच असतात,
कुणी विचारत नाही म्हणून नुसता भाव सांगतात.

ललवाणींनी साडूला सांगितलं,
साडूनं मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्याला,
अडत्याचा भाचा सोनार निघाला.
ताहेरभाईंनी जाताना जुना सोल्डरिंग गन दिला, आणि म्हणाले,
आता तुझं तोंड बंद कोण करणार.
नाना पेठेत माझी पाटी आहे. दोन टेबलं.
चारशे बारा काटे, वर्षाच्या करारावर.
फोन वाजला की अजून आधी आवंढा गिळते,
मग उचलते.

परवा सिद्राम आला कामाला, अक्कलकोटचा.
हात सोन्याचा, नजर कायम चपलांवर.
रविवार पेठेची यादी देऊन पाठवला.
संध्याकाळी परत आला. काय झालं रे?
त्यानं सॅकची चेन उघडली.
बडीशेप. सहा पुड्या.

मला हसू आलं ते मी दाबलं.
काटा पुढे ओढला,
एकेक पुडी ठेवून बघितली.
चौथी कमी भरली.
ही कुठल्या दुकानातली?
तेव्हा पहिल्यांदा वर बघून
तो सांगायला लागला.